रसायनशास्त्रज्ञ कमलाबाई सोहोनी

भाताबरोबर वरण का खावे, वाल चांगले शिजवून का खावेत, ताडाची नीरा सूर्योदयापूर्वीच का उतरवावी, हे प्रश्न साधे दिसतात. परंतु त्यांची उत्तरे द्यावयाची तर अन्नातील निरनिराळी द्रव्ये वेगळी करून त्यांचे नेमके मोजमाप करावे लागते. हे कार्य रसायनशास्त्राचे आहे. भंडाऱ्यासारख्या धान पिकविणाऱ्या जिल्ह्यापासून मुंबईसारख्या महानगरापर्यंत प्रत्येकाच्या ताटाशी या शास्त्राचा संबंध आहे. या शास्त्रास ज्यांनी आपले आयुष्य वाहिले, त्यांत कमलाबाई सोहोनी यांचे नाव आदराने घेतले जाते.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे भागवत कुटुंबात झाला. त्यांचे वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ असून त्यांचे शिक्षण बंगळूरच्या टाटा विज्ञानसंस्थेत झाले होते. विख्यात लेखिका दुर्गाबाई भागवत या कमलाबाईंच्या थोरल्या भगिनी होत. १९३३ साली रसायन व पदार्थविज्ञान हे विषय घेऊन कमलाबाईंनी मुंबई विद्यापीठाची पदवी संपादन केली. पुढे बंगळूरच्या त्याच संस्थेत संशोधन करावे, अशी त्यांची मनीषा होती.

त्या वेळी नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर वेंकट रामन हे संस्थेचे संचालक होते. त्यांनी कमलाबाईंचा अर्ज नाकारला. गुणांत त्या कोठेही उण्या नव्हत्या. केवळ स्त्री असल्यामुळे त्यांना प्रवेश मिळाला नाही. कमलाबाई निराश होऊन घरी बसल्या नाहीत. त्या स्वतः बंगळूरला गेल्या आणि त्यांनी नकाराचे कारण विचारले. त्यांचा निश्चय ढळत नाही, हे पाहून रामन यांनी अटी घालून त्यांना प्रवेश दिला. पहिले वर्ष केवळ परीक्षेचे राहील, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करावे लागेल आणि त्यांच्यामुळे इतरांच्या कामात व्यत्यय येता कामा नये, अशा त्या अटी होत्या. पुरुष विद्यार्थ्यांना अशा अटी नव्हत्या. हा अन्याय कमलाबाईंच्या मनास फार लागला. परंतु अटी नाकारल्या तर संशोधनाची वाटच बंद होणार होती. म्हणून त्यांनी त्या स्वीकारल्या आणि आपल्या कामानेच उत्तर द्यावयाचे ठरविले.

श्रीनिवासय्या हे त्यांचे मार्गदर्शक मोठे शिस्तप्रिय होते. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध व डाळी यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. दुधात लिंबाचा रस घातला की दूध फाटते. त्यातील बरीचशी प्रथिने गोळा होतात व पाणी निराळे होते, हे आपण घरी पाहतो. प्रयोगशाळेत हीच क्रिया काटेकोरपणे करावी लागते. आम्ल किती घातले, द्रावण किती तापविले, खाली बसलेला साका किती वजनाचा भरला, याची नोंद ठेवावी लागते. प्रथिनांत सुमारे १६ टक्के नत्र असते. म्हणून पदार्थातील प्रथिनांच्या नत्राचे वजन काढून त्यास ६.२५ ने गुणले असता प्रथिनांचे वजन कळते. मात्र डाळीत प्रथिनांखेरीज इतर नत्रयुक्त द्रव्येही असतात. ती वेगळी न केल्यास हिशेब चुकतो. हे नाजूक काम कमलाबाईंनी चिकाटीने केले. प्रयोगशाळेच्या तराजूस वजन करणारा पुरुष आहे की स्त्री, हे कळत नाही. वर्षअखेर त्यांचे काम पाहून रामन संतुष्ट झाले. त्यानंतर इतर मुलींसाठीही त्या संस्थेचे दार उघडले. १९३६ साली कमलाबाईंना एम. एस्‌सी. ही पदवी मिळाली.

पुढे त्या इंग्लंडातील केंब्रिज विद्यापीठात गेल्या. लाकूड जळते तेव्हा त्याचा प्राणवायूशी झपाट्याने संयोग होतो. सजीवांच्या पेशींतही अन्नाचा प्राणवायूशी संयोग होतो. पण तो टप्प्याटप्प्याने होतो व त्यातून जीवनास लागणारी शक्ती मिळते. या क्रियेत भाग घेणारे ‘सायटोक्रोम-सी’ हे लोहयुक्त द्रव्य कमलाबाईंना बटाट्यात आढळले. त्यावर लिहिलेला त्यांचा प्रबंध अवघा ४० पृष्ठांच्या आसपास होता. १९३९ साली त्यांना पीएच. डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला मानल्या जातात.

परदेशात राहण्याऐवजी त्या त्याच वर्षी स्वदेशी परतल्या. दिल्ली व कुन्नूर येथे काम केल्यानंतर १९४७ साली विवाह होऊन त्या मुंबईस आल्या आणि तेथील विज्ञानसंस्थेत अध्यापन व संशोधन करू लागल्या. वालासारख्या कडधान्यांत प्रथिनांच्या पचनास अडथळा आणणारी द्रव्ये असतात. १९५५ साली अशी द्रव्ये वालातून स्फटिकरूपात वेगळी केल्याचे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. कडधान्ये नीट शिजविली म्हणजे अशा द्रव्यांचा प्रभाव पुष्कळ कमी होतो.

राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचाही अभ्यास केला. ताजी नीरा गोड असते. परंतु ऊन चढू लागले की किण्व तिच्यातील साखरेचे मद्यार्क व कर्बवायू यांत रूपांतर करते. नीरा ताजी असतानाच वापरली तर ती पौष्टिक पेय ठरते आणि आटविली तर तिचा गूळ होतो. ही स्वस्त द्रव्ये गरीब मुलांच्या व मातांच्या पोषणास उपयोगी पडतात, असे कमलाबाईंनी दाखवून दिले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले.

पुढे त्या मुंबईच्या विज्ञानसंस्थेच्या संचालक झाल्या. जिला एके काळी एका संस्थेने प्रवेश नाकारला होता, तीच दुसऱ्या संस्थेची प्रमुख झाली. निवृत्तीनंतरही त्यांनी ग्राहकांच्या चळवळीत भाग घेऊन अन्नातील भेसळीविषयी लोकांना सावध केले. १९९८ साली त्यांचे निधन झाले. अन्यायापुढे न वाकणारे मन आणि मोजमापात कधीही न चुकणारा हात, या दोन गुणांच्या बळावर त्यांनी स्वतःची वाट काढली व पुढच्या मुलींची वाट मोकळी केली.