राजर्षी शाहू महाराज : शाळा आणि तालीम



राजर्षी शाहू महाराजांचे नाव निघाले की आपल्याला वसतिगृहे आठवतात. १९०६ साली कोल्हापुरात मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. तिचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतः स्वीकारले आणि मुस्लिम बोर्डिंगला आधार दिला. परंतु मुलांच्या अंगी बळ यावे म्हणून या राजाने काय केले, हे आपण क्वचितच सांगतो.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. १८८४ साली ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि १८९४ साली त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. ते स्वतः धिप्पाड, कुस्तीचे जाणकार. पण हा शौक त्यांनी स्वतःपुरता ठेवला नाही. गरिबाच्या मुलाला अंगमेहनतीची हौस असते. मात्र दूध, तूप, बदाम कोठून आणावे? महाराजांनी तालमींना आश्रय दिला आणि मल्लांच्या खुराकाची सोय लावली. पंजाबातील नामवंत मुसलमान मल्लांनाही कोल्हापुरात मान मिळाला.

१९०२ साली ते विलायतेस गेले. मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के नोकऱ्या राखून ठेवण्याचा हुकूम त्याच वर्षीचा. परतल्यावर त्यांनी खासबागचे कुस्ती मैदान बांधविले. ते १९१२ साली पुरे झाले. मधला हौदा खाली आणि बैठक चढत गेलेली, त्यामुळे मागच्या रांगेतल्या माणसालाही कुस्ती दिसते. १९१७ साली त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याचे पाऊल उचलले. शाळा आणि तालीम त्यांना एकमेकींच्या वैरिणी वाटल्या नाहीत.

१९२० साली नागपुरास भरलेल्या बहिष्कृत परिषदेचे ते अध्यक्ष होते. ६ मे १९२२ रोजी, वयाच्या अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी ते निवर्तले. पण त्यांनी लावलेले झाड पुढे फळाला आले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचा विद्यार्थी खाशाबा जाधव याने १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

एक उणीव मात्र राहिली. त्या काळी तालमीचे दार मुलींसाठी उघडले नव्हते. ते काम आपल्याकडे आले आहे.

वर्गात मी पाहतो, दहावीचे वर्ष आले की मुलाचे खेळणे बंद होते. मुलीचे तर त्याच्याही आधी. मग मुलांना खेळाची आवडच नाही, असे आपण म्हणतो. आवड ही नुसती मनात उगवत नाही. तिला जागा लागते, सकस अन्न लागते, शिकविणारा लागतो आणि घरच्यांची संमती लागते. पहिल्या तीन गोष्टी सरकारकडे व संस्थेकडे मागाव्यात. चौथी आपल्या हाती आहे. आपल्या रामटेकला टेकडीची चढण आहे, पहाटेची मोकळी हवा आहे. रोज अर्धा तास मुलाला आणि मुलीलाही पुस्तक मिटून बाहेर जाऊ द्या. तेवढ्याने अभ्यास बुडणार नाही.