प्रा. वि. म. दांडेकर

पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत निसर्गाची दोन रूपे पाहावयास मिळतात. पश्चिमेस नाणेघाट व भीमाशंकर यांच्या डोंगरांत पाऊस कोसळतो आणि भातखाचरे तुडुंब भरतात; त्याच वेळी पूर्वेस लोणी-धामणीच्या माळावर बाजरी एका सरीसाठी आसुसलेली असते. पीक बुडते, पण बियाण्यासाठी काढलेले कर्ज बुडत नाही. अशा शेतकऱ्यास आधार कसा द्यावा, याचा मार्ग ज्यांनी दाखविला, ते विद्वान म्हणजे विनायक महादेव दांडेकर होत.

दांडेकरांचा जन्म १९२० साली सातारा येथे झाला. संख्याशास्त्राचे शिक्षण घेऊन ते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत संशोधन करू लागले व पुढे तिचे संचालक झाले. १९७१ साली नीळकंठ रथ यांच्यासह त्यांनी भारतातील दारिद्र्याविषयी ग्रंथ लिहिला आणि त्यांची कीर्ती देशभर पसरली.

अनेकांनी थोडेथोडे पैसे एकत्र करावयाचे व संकटात सापडलेल्यास त्यांतून भरपाई द्यावयाची, यास विमा म्हणतात. १९७२ पासून प्रत्येकाचे शेत स्वतंत्रपणे तपासून पिकांचा विमा उतरविण्याचा प्रयोग झाला. त्यात अवघे ३,११० शेतकरी आले. हप्ते जमले ४.५४ लाख रुपयांचे आणि भरपाई द्यावी लागली ३७.८८ लाखांची! शिवाय पीक अवर्षणाने गेले की हयगयीने, हे कोणी ठरवावे?

१९७६ साली दांडेकरांनी निराळी पद्धत मांडली. सारखे हवापाणी असलेला प्रदेश हा एक घटक धरावा. त्यातील काही शेतांत पीककापणी प्रयोग करून सरासरी उत्पन्न काढावे. ते ठरविलेल्या उंबरठा उत्पन्नाहून कमी भरले, तर तेथील सर्व विमाधारकांना एकाच प्रमाणात भरपाई द्यावी. यामुळे आळशाला अधिक मिळत नाही आणि कष्टाळूचे काही कमी होत नाही. मात्र प्रदेश सारख्या हवापाण्याचाच हवा. आंबेगावचा डोंगर व माळ एकत्र मोजला, तर डोंगरावरील पावसाआड माळावरील दुष्काळ लपून जाईल.

या तत्त्वावर १९७९ मध्ये प्रायोगिक व १९८५ मध्ये सर्वंकष पीक विमा योजना सुरू झाली. ओढ्याच्या पुराने एकट्याचेच शेत वाहून गेले, तर ते सरासरीत दिसत नाही, ही या पद्धतीची उणीव होय. म्हणून पुढील योजनांत स्थानिक आपत्तींचा निराळा विचार करण्यात आला. तथापि २०१६ च्या पंतप्रधान पीक विमा योजनेचा पायाही सरासरी उत्पन्नाचेच तत्त्व होते.

१९९५ साली दांडेकरांचे निधन झाले. त्यांनी नांगर हाती धरला नाही. परंतु आपली विद्या शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेली. विद्येचे खरे सार्थक यातच आहे.