कालव्याकाठचे जोतीराव : 'शेतकऱ्याचा असूड'ची जीवनभूमी

महात्मा जोतीराव फुले (१८२७–१८९०) यांचे चरित्र बहुधा मुलींची शाळा (१८४८) आणि सत्यशोधक समाज (१८७३) या दोन घटनांभोवती मांडले जाते. त्यांच्या गद्याच्या अभ्यासकाला मात्र खडकवासल्याचे धरण आणि मांजरीची शेती यांकडे वळल्यावाचून गत्यंतर नाही.

माळ्याच्या घरात जन्मलेल्या जोतीरावांना वडिलांनी, गोविंदरावांनी, शाळेतून काढून काही काळ मळ्यात राबविले होते. पुढे त्यांनी उपजीविकेसाठी सरकारी बांधकामांचे ठेके घेतले. खडकवासला धरणाला दगड पुरविताना मजुरांचे जिणे आणि खात्याचा कारभार त्यांनी जवळून पाहिला. त्या धरणाचा कालवा वाहू लागल्यावर मांजरी येथे जमीन घेऊन त्यांनी बागायती केली. म्हणजे नव्या तंत्राला ते भ्याले नाहीत; ते त्याचे आरंभीचे लाभार्थीच होते. कालवा दाराशी येऊनही कुणबी पाणी घ्यायला का बिचकतो, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने शेतकऱ्याच्या आळसाचा नव्हता. पाणीपट्टी जबर, पाणी वेळेवर मिळेल याची हमी नाही, आणि दाद मागावी तर कचेरीत आपला कोणी नाही, अशी ती कोंडी होती.

१८७५ मध्ये सुप्याला सावकारांविरुद्ध दंगे झाले, १८७९ मध्ये दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहून झाला. त्यातील प्राचीन इतिहासाची मांडणी आज टिकणारी नाही, हे मान्य करावे लागेल. परंतु चौथ्या प्रकरणात सारावाढीने गांजून परतणारा शेतकरी आणि त्याच्या घरातील गोठा, चूल, भांडीकुंडी यांचे जे तपशीलवार चित्र येते, त्याच्या तोडीचे ग्रामवर्णन तोवरच्या मराठी गद्यात क्वचितच आढळेल. ग्रामीण साहित्याचा आरंभ केवळ कादंबरीत शोधणाऱ्या समीक्षेने या प्रकरणाकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. जंगलखात्याने गिळलेली गायराने आणि परदेशी मालाने बुडालेले विणकर यांचीही नोंद तेथे आहे. उपायही ठेकेदाराच्या हिशेबी बुद्धीचे आहेत : पावसाचे पाणी जमिनीत मुरविणाऱ्या ताली व बंधारे, आणि प्रत्येक शेताला मोजून पाणी देणारी तोटी.

पुस्तकाचा काही भाग त्यांनी बडोद्यास सयाजीराव महाराजांना वाचून दाखविला. 'दीनबंधू'ने मात्र दोन प्रकरणे छापून पुढील मजकूर थांबविला. संपादक नारायण मेघाजी लोखंडे चळवळीतलेच, तरीही इतक्या तिखट मजकुराची धास्ती त्यांना वाटली असावी. जोतीरावांना ते फार लागले. समग्र 'असूड' त्यांच्या हयातीत छापला गेला नाही.

१८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात झालेल्या मेजवानीस ते कुणब्याच्या वेषात गेले. त्याच वर्षी पक्षाघाताने उजवा हात गेला. 'सार्वजनिक सत्यधर्म' त्यांनी डाव्या हाताने लिहून पुरा केला; तो १८९१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला.