शिवणकाम करणाऱ्या बाईंची नोंद

डॉ. आल्ड्रेड स्कॉट वॉर्थिन यांचे नाव वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना लाळग्रंथीच्या एका गाठीमुळे ठाऊक असते. त्यांचे खरे मोठे काम मात्र वेगळेच आहे. १८६६ मध्ये इंडियाना राज्यात जन्मलेले वॉर्थिन आधी संगीत शिकले, मग वैद्यक, आणि पुढे मिशिगन विद्यापीठात विकृतिशास्त्राचे प्रमुख झाले.

१८९५ मध्ये शिवणकाम करणाऱ्या एका तरुणीशी त्यांचे बोलणे झाले. घरातली माणसे एकामागून एक पोटाच्या, आतड्याच्या, गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली. आपणही तशाच जाणार, याची तिला खात्री होती. दुसऱ्या एखाद्या डॉक्टरने तिची समजूत घालून तिला घरी पाठवले असते. वॉर्थिन यांनी वंशावळ लिहायला घेतली. ती तरुणी नातेवाइकांची माहिती गोळा करून देत राहिली, आणि अखेर गर्भाशयाच्या कर्करोगानेच गेली.

१९१३ मध्ये वॉर्थिन यांनी ‘जी’ कुटुंबाची हकिगत प्रसिद्ध केली. कर्करोग वंशपरंपरेने येऊ शकतो, हे तेव्हा फारसे कुणी मानत नव्हते. (सुप्रजननवादाकडे त्यांचा कल होता, हेही नोंदवायला हवे.) १९३१ मध्ये ते वारले. पुढे डॉ. हेन्री लिंच यांनी ती कागदपत्रे पुन्हा उघडली. आज या आजाराला लिंच सिंड्रोम म्हणतात.

२००० च्या सुमारास ‘जी’ कुटुंबातला दोष सापडला, तो एमएसएच-२ या जनुकात. जनुकाची आरएनए प्रत निघाली की पेशी तिच्यातले नको असलेले तुकडे कापते आणि उरलेले जोडते. यालाच स्प्लायसिंग म्हणतात. या कुटुंबात नेमक्या अशा एका जोडाच्या जागी डीएनएचे एकच अक्षर बदलले होते. जोड चुकला की प्रथिन बिघडते. डीएनएची नक्कल होताना राहिलेल्या चुका दुरुस्त करणे हे या प्रथिनाचे काम. नुकसान फार असेल तर पेशीला मरणाचा इशारा देण्यातही त्याचा हात असतो. ते नसले की चुका साचतात, मरायला हवी ती पेशी जगते आणि मोठ्या आतड्यात गाठ धरते.

असा दोष असलेल्यांना आता साधारण विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करायला सांगतात. घराण्यातला दोष ज्यांच्या रक्ततपासणीत सापडत नाही, त्यांची या फेऱ्यांतून सुटका होते.