पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर

आपल्या करमाळ्याच्या शेजारी, जामखेड तालुक्यात, सीनेच्या काठी चोंडी हे गाव आहे. तीच सीना पुढे आपल्या तालुक्याच्या कडेने वाहते. या चोंडीत माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी ३१ मे १७२५ रोजी अहिल्याबाईंचा जन्म झाला.

लहान वयातच त्या होळकरांची सून झाल्या. १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. अहिल्याबाई सती जायला निघाल्या, पण सासरे मल्हाररावांनी त्यांना थांबवले आणि कारभारात घातले. १७६६ मध्ये मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी मुलगा मालेरावही गेला. एवढे दुःख गिळून बाईंनी महेश्वरी राहून १७९५ पर्यंत राज्य सांभाळले.

काशीविश्वनाथाचे देऊळ त्यांनी बांधले, हे आपण जाणतोच. विहिरी, बारवा, घाट हेही त्यांचेच काम. उन्हाळ्यात त्या वाटसरूंसाठी पाण्याची सोय करीत. महेश्वरजवळ नांगराला जुंपलेल्या बैलांनाही त्यांची माणसे पाणी पाजीत. उभ्या पिकाची शेते विकत घेऊन त्यांनी पाखरांसाठी मोकळी ठेवली. माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने हे सारे लिहून ठेवले आहे.

रानातले भिल्ल वाटसरूंना लुटत. बाईंनी जरब बसवली. पण त्यांचा वाटेवरच्या मालावर थोडा कर घेण्याचा जुना हक्क मान्य केला. त्या बदल्यात पडीक जमीन पिकवायची आणि वाट राखायची, असे ठरले. रानात राहणाऱ्याला हक्क दिला, की तो राखणही करतो, हे बाईंनी ओळखले होते.

भगिनींनो, हे त्यांना कसे साधले? मन मोठे होतेच; पण हाती सत्ता होती आणि खासगीचे उत्पन्नही होते. होळकरांची ही खासगी घरच्या बायकांच्या ताब्यात असे. ती नसती, तर बाईंची दया मनातच राहिली असती.

पाणी भरावे बाईने, सरपण आणावे बाईने, आणि झाडे कुठे लावायची, विहीर कुठे खोदायची हे मात्र दुसऱ्यांनी ठरवावे, हे बरे नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांप्रमाणे गावच्या वनहक्क समितीत निदान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. गावच्या जैवविविधता समितीतही स्त्रियांना तेवढीच जागा आहे. नुसती नावे लिहून भागणार नाही. सभेला जावे, हिशेब विचारावा, झाडाची जागा आपण सांगावी. शेजारच्या गावच्या या लेकीचे स्मरण असेच करावे.