धमन्यांची वाट मोकळी करणारे डॉ. डॉटर

शेताला पाणी पुरविणाऱ्या पाटात गाळ साचला की पुढचे पीक सुकू लागते. आपल्या शरीरातील धमन्यांचेही तसेच आहे. पायाच्या धमनीत मेदाचे थर साचले म्हणजे पायाला पुरेसे रक्त पोचत नाही. चालताना पोटऱ्या दुखतात, जखमा भरत नाहीत आणि अखेरीस पाय सडू लागतो. पूर्वी अशा रोग्यापुढे मोठी शस्त्रक्रिया करून घेणे किंवा पाय गमावणे, हेच मार्ग उरत. त्याला निराळा मार्ग दाखविला तो डॉ. चार्ल्स डॉटर यांनी.

डॉटर यांचा जन्म १९२० साली अमेरिकेत बॉस्टन येथे झाला. यंत्रांची त्यांना बालपणापासून गोडी होती. वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ते पोर्टलंड येथील वैद्यकीय महाविद्यालयात क्ष-किरण विभागाचे प्रमुख झाले. १९६३ साली एका रोग्याची तपासणी करीत असता त्यांच्या हातातील नळी बंद पडलेल्या धमनीतून सहज पार गेली. दुसऱ्या एखाद्याने हा केवळ योगायोग मानला असता. डॉटर मात्र विचार करू लागले. ज्या नळीने रोग दिसतो, तिनेच तो बरा का करू नये?

१६ जानेवारी १९६४ रोजी कसोटीची वेळ आली. ८२ वर्षांच्या एका वृद्धेचा पाय सडू लागला होता. पाय कापून टाकावा, असा शल्यवैद्यांचा सल्ला होता. पण ती त्यास मुळीच तयार नव्हती. डॉटर यांनी तिच्या त्वचेला लहानसे छिद्र पाडून धमनीत एक बारीक तार सरकविली. मग तारेवरून आधी अरुंद व नंतर रुंद नळी नेऊन त्यांनी अडथळा बाजूस दाबला. रक्त वाहू लागले आणि थंडगार पडलेला पाय पुन्हा उबदार झाला. ती वृद्धा अखेरपर्यंत स्वतःच्या पायांनी चालली.

तरीही स्वदेशातील अनेक शल्यवैद्यांनी डॉटर यांना वेड्यात काढले. ते डगमगले नाहीत. गिटारच्या तारांसारख्या साध्या वस्तूंतूनही ते आपली उपकरणे घडवीत राहिले. युरोपातील डॉक्टरांनी त्यांची पद्धत आपलीशी केली. त्यांपैकी आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी नळीला इवलासा फुगा जोडला आणि १९७४ साली झुरिच येथे त्याने पायाची धमनी रुंद केली. १९७७ साली त्यांनी हाच उपाय हृदयाच्या धमनीवर योजला.

डॉटर यांना पर्वतारोहणाचा मोठा छंद होता. कर्करोगाने गाठले असतानाही त्यांनी उंच शिखरे सर करणे सोडले नाही. १९८५ साली त्यांचे निधन झाले. आज जगभर असंख्य रोगी लहानशा छिद्रातून होणाऱ्या या उपचाराने आपल्या पायांवर उभे राहतात. त्यांच्या प्रत्येक पावलात डॉटर यांच्या चिकाटीचा वाटा आहे.