चार्ल्स इंगल्स

चार्ल्स फिलिप इंगल्स (१० जानेवारी, इ.स. १८३६ – ८ जून, इ.स. १९०२) हे अमेरिकेतील एक आद्य वसाहतकार शेतकरी होते. अमेरिकन बालसाहित्यकार लॉरा इंगल्स वाइल्डर यांचे ते वडील. लॉरा यांच्या 'लिटल हाऊस' या पुस्तकमालिकेतील 'पा' ही व्यक्तिरेखा त्यांच्यावरूनच घेतली आहे. नव्या जमिनीच्या शोधात त्यांनी विस्कॉन्सिन, कॅन्सस, मिनेसोटा, आयोवा आणि डकोटा असा दीर्घ प्रवास केला. सरकारी जमिनीवर वस्ती करून ती नावावर करून घेण्याची होमस्टेडची अट मात्र त्यांना आयुष्यात एकदाच पूर्ण करता आली.

जन्म व बालपण

चार्ल्स यांचा जन्म न्यूयॉर्क राज्यातील ॲलेगनी काउंटीत क्यूबा या गावी झाला. लॅन्सफर्ड व्हाइटिंग इंगल्स आणि लॉरा कोल्बी हे त्यांचे आईवडील. भावंडे बरीच होती. चार्ल्स लहान असतानाच हे कुटुंब पश्चिमेकडे इलिनॉय राज्यात गेले आणि पुढे विस्कॉन्सिनमधील जेफरसन काउंटीत काँकर्ड गावाजवळ स्थिरावले. शेती, शिकार आणि सुतारकाम यांचे शिक्षण त्यांना घरातच मिळाले. फिडल हे व्हायोलिनसारखे तंतुवाद्य ते तरुणपणापासून वाजवीत. ते वाद्य पुढच्या प्रत्येक स्थलांतरात त्यांच्याबरोबर राहिले.

विवाह व कुटुंब

१ फेब्रुवारी १८६० रोजी चार्ल्स यांचा विवाह कॅरोलाइन लेक क्वाइनर यांच्याशी काँकर्ड येथे झाला. कॅरोलाइन विवाहापूर्वी शिक्षिका होत्या. इंगल्स आणि क्वाइनर या शेजारी कुटुंबांत एकूण तीन सोयरिकी जुळल्या. चार्ल्स यांचे बंधू पीटर आणि भगिनी पॉली यांचे विवाहही क्वाइनर भावंडांशीच झाले.

चार्ल्स व कॅरोलाइन यांना पाच अपत्ये झाली : मेरी (१८६५), लॉरा (१८६७), कॅरी (१८७०), चार्ल्स फ्रेडरिक (१८७५) आणि ग्रेस (१८७७). थोरल्या मेरी यांचा जन्म वडिलांच्याच वाढदिवशी झाला होता.

विस्कॉन्सिन व कॅन्सस

इ.स. १८६३ मध्ये चार्ल्स यांनी मेव्हणे हेन्री क्वाइनर यांच्यासमवेत विस्कॉन्सिनमधील पेपिन गावाजवळ जंगलातील जमीन घेतली. मेरी आणि लॉरा यांचा जन्म तेथील लाकडी ओंडक्यांच्या घरात झाला. पुढे ही जमीन विकून कुटुंब मिसुरीमार्गे कॅन्ससला गेले आणि इ.स. १८६९ मध्ये इंडिपेंडन्स गावाच्या परिसरात राहिले.

तेथील जमीन ओसेज या मूलनिवासी समाजाच्या मालकीची होती. जमीन सरकारकडे येण्यापूर्वीच हजारो गोऱ्या वसाहतकारांनी तीत घुसून घरे बांधली होती. इंगल्स कुटुंब त्यांपैकीच एक होते. त्यांच्या वस्तीला कायद्याचा आधार नव्हता. अशा अतिक्रमणाच्या रेट्यामुळे ओसेज समाजाला इ.स. १८७० च्या कायद्यानंतर आपली भूमी सोडून आजच्या ओक्लाहोमाकडे जावे लागले. याच वास्तव्यात इंगल्स कुटुंबाला हिवतापाने ग्रासले. तेव्हा जॉर्ज टॅन या कृष्णवर्णीय डॉक्टरांनी त्यांच्यावर उपचार केले.

दरम्यान पेपिनची जमीन घेणाऱ्या गृहस्थाला तिची किंमत फेडता येईना, म्हणून ती जमीन चार्ल्स यांच्याकडे परत आली. इ.स. १८७१ मध्ये कॅन्ससमधील घर आणि शेत मागे ठेवून कुटुंब पेपिनला परतले.

मिनेसोटा : टोळधाड

इ.स. १८७४ मध्ये चार्ल्स मिनेसोटातील वॉलनट ग्रोव्ह येथे गेले. आरंभी कुटुंब प्लम क्रीक या ओढ्याच्या काठात खोदलेल्या, मातीच्या छपराच्या घरात राहत असे. गव्हाच्या पिकाच्या भरवशावर चार्ल्स यांनी नवे लाकडी घर बांधले. परंतु इ.स. १८७३ ते १८७७ या काळात रॉकी पर्वतीय टोळांच्या धाडींनी या प्रदेशातील शेती उद्ध्वस्त केली. टोळ उभे पीक खात आणि जमिनीत अंडी घालून ठेवीत. त्यामुळे पुढील वर्षीचे पीकही धोक्यात येई. घरखर्च भागवण्यासाठी चार्ल्स पूर्वेकडील शेतांवर मजुरीला जात. अखेरीस इ.स. १८७६ मध्ये त्यांनी जमीन विकली.

त्याच वर्षी २७ ऑगस्ट रोजी त्यांचा एकुलता एक मुलगा चार्ल्स फ्रेडरिक मिनेसोटातील साउथ ट्रॉय येथे मरण पावला. तो तेव्हा अवघा नऊ महिन्यांचा होता. त्यानंतर कुटुंब आयोवा राज्यातील बर ओक येथे गेले आणि तेथील एका हॉटेलाच्या कामात हातभार लावू लागले. लॉरा यांच्या आत्मकथनानुसार, कर्जबाजारी झालेल्या चार्ल्स यांनी घरमालकाशी तडजोड न जमल्यामुळे कुटुंबासह रात्रीच ते गाव सोडले. लॉरा यांच्या कादंबऱ्यांत या काळाचा आणि मुलाच्या मृत्यूचा उल्लेख नाही.

वॉलनट ग्रोव्हला परतल्यावर चार्ल्स यांनी सुतारकाम आणि इतर मिळेल ते काम केले. ते तेथील न्यायाधीशही (जस्टिस ऑफ द पीस) झाले. इ.स. १८७९ मध्ये गंभीर आजारात थोरल्या मेरी यांची दृष्टी गेली. लॉरा यांच्या पुस्तकांत याचे कारण स्कार्लेट फीवर असे दिले आहे. मात्र इ.स. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वैद्यकीय संशोधनात विषाणुजन्य मेंदूदाह हे कारण अधिक संभाव्य मानले आहे.

डकोटा व होमस्टेड

इ.स. १८७९ मध्ये चार्ल्स यांना डकोटा प्रदेशात लोहमार्गाचे बांधकाम करणाऱ्या छावणीत हिशेबाचे आणि भांडाराचे काम मिळाले. काम थांबल्यावर कुटुंबाने सिल्व्हर लेकजवळच्या भूमापकांच्या घरात हिवाळा काढला. इ.स. १८८० च्या आरंभी चार्ल्स यांनी ब्रुकिंग्ज येथील कार्यालयात होमस्टेडसाठी अर्ज केला.

अध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्या स्वाक्षरीने २० मे १८६२ रोजी होमस्टेड कायदा संमत झाला होता. या कायद्यानुसार २१ वर्षे वयाच्या व्यक्तीला किंवा कुटुंबप्रमुखाला १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन नाममात्र शुल्कात मिळे. मात्र अर्जदाराने तेथे घर बांधून पाच वर्षे राहणे आणि जमीन कसणे आवश्यक असे. अटी पूर्ण केल्याचा पुरावा साक्षीदारांसह सादर केल्यावरच मालकी मिळे. जमीन जवळजवळ फुकट असली तरी बैल, अवजारे, बियाणे, लाकूड आणि पीक हाती येईपर्यंतचे अन्न यांचा खर्च शेतकऱ्यालाच करावा लागे. त्यामुळे अनेकांना मुदत पूर्ण करता येत नसे.

चार्ल्स यांच्या जमिनीजवळच डी स्मेट हे गाव वसले. इ.स. १८८०–८१ च्या कडक हिवाळ्यात हिमवादळांमुळे आगगाड्या महिनोन् महिने बंद पडल्या. कुटुंब तेव्हा गावातील इमारतीत राहत होते. जळणासाठी गवताचे पीळ वळून आणि कॉफी दळण्याच्या यंत्रात गहू दळून त्यांनी तो काळ निभावला.

या हलाखीतही मेरी यांचे शिक्षण थांबले नाही. इ.स. १८८१ मध्ये त्यांना आयोवातील व्हिंटन येथील अंधांच्या महाविद्यालयात पाठवण्यात आले. त्यांच्या शुल्काचा भार डकोटा प्रशासनाने उचलला. लॉरा यांनी शिक्षिका म्हणून केलेल्या कमाईचाही उपयोग मेरी यांच्यासाठी झाला.

इ.स. १८८६ मध्ये अटींची पूर्तता सिद्ध होऊन जमीन चार्ल्स यांच्या नावावर झाली. तथापि दुष्काळ आणि अपुरे उत्पन्न यांमुळे केवळ शेतीवर निर्वाह होणे कठीण होते. इ.स. १८८७ मध्ये त्यांनी डी स्मेटच्या थर्ड स्ट्रीटवर स्वतः घर बांधले आणि इ.स. १८९२ मध्ये शेतजमीन विकली. पुढे ते सुतारकाम करीत. डी स्मेटच्या काँग्रिगेशनल चर्चच्या संस्थापक सभासदांत त्यांचा समावेश होता. गावातील न्यायाधीशपदही त्यांनी सांभाळले.

निधन

हृदयविकाराने आजारी पडल्याचे कळताच लॉरा मिसुरीतील मॅन्सफील्डहून वडिलांच्या भेटीस आल्या. ८ जून १९०२ रोजी डी स्मेट येथील राहत्या घरी चार्ल्स यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय ६६ वर्षे होते. डी स्मेटच्या दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. कॅरोलाइन (मृत्यू १९२४) आणि मेरी (मृत्यू १९२८) यांची समाधिस्थळेही तेथेच आहेत.

स्मृती व वारसा

'लिटल हाऊस' मालिकेतील पहिले पुस्तक इ.स. १९३२ मध्ये, म्हणजे चार्ल्स यांच्या निधनानंतर तीस वर्षांनी प्रसिद्ध झाले. इ.स. १९७४ ते १९८३ या काळात प्रसारित झालेल्या दूरचित्रवाणी मालिकेत त्यांची भूमिका मायकेल लँडन यांनी केली. या चित्रणांमुळे स्वावलंबी, आनंदी वसाहतकार अशी त्यांची प्रतिमा रूढ झाली. लॉरा यांचे आत्मकथन 'पायोनियर गर्ल' इ.स. २०१४ मध्ये सटीप प्रकाशित झाल्यानंतर त्यांच्या जीवनातील कर्ज, मजुरी आणि अपयश ही बाजूही सर्वसामान्य वाचकांपुढे आली.

डी स्मेट येथे भूमापकांचे घर आणि थर्ड स्ट्रीटवरील घर जतन केलेले आहे. होमस्टेडच्या जमिनीवर चार्ल्स यांनी पत्नी व मुलींसाठी लावलेली कॉटनवुडची झाडे आजही दाखवली जातात. त्यांचे फिडल मॅन्सफील्ड येथील लॉरा यांच्या संग्रहालयात आहे. लॉरा यांच्या कन्या, लेखिका रोझ वाइल्डर लेन यांचे इ.स. १९६८ मध्ये निधन झाले. त्यांच्यानंतर चार्ल्स यांचा थेट वंश उरला नाही.